पासंग

माझा धंदा काटे दुरुस्त करण्याचा. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले, घरातलेसुद्धा. आपण जाड झालेलो नाही, काटाच बिघडलाय असं ज्यांना वाटतं तेही माझ्याकडेच येतात. त्यांचा काटा मी तपासून परत देतो आणि काही बोलत नाही.

दुकानात मखमली खाचांची एक लाकडी पेटी आहे. तिच्यात प्रमाण वजनं असतात. बाकी सगळे काटे त्यांच्यावरून तपासायचे. ती बोटांनी धरायची नाहीत, कारण घामालाही भार असतो. चिमट्याने उचलायची. कधी एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचंच वजन खोटं असेल." मी म्हणतो, "असेल. मग खरं कुठलं ते तुम्ही आणून द्या, मी त्याच्यावरून तपासतो." तिथं बोलणं संपतं.

हेच बोलणं मी चर्चमध्ये पुष्कळ वर्षं वापरलं.

आमच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत एक धडा असतो. बाप्तिस्म्याची तयारी करणारे, नव्याने येऊ लागलेले, आणि चहा झाल्याशिवाय घरी जायचं नसलेले असे लोक बसतात. धड्याचं नाव 'पाया'. बायबल हे देवाचं वचन आहे आणि त्यावर भरवसा ठेवता येतो, हे आपण का मानतो ते त्यात सांगायचं. तो धडा माझ्याकडे होता. मी कोटाच्या खिशातून एक जुनं लोखंडी वजन नेत असे आणि सुरुवातीलाच टेबलावर ठेवत असे. आवाज झाला की लोक सरळ बसत. मग मी सांगे की हे पुस्तक कोणी एका बैठकीत लिहिलेलं नाही. राजांनी लिहिलं, मेंढपाळांनी लिहिलं, कोळ्यांनी, वैद्याने, तुरुंगातल्या माणसाने लिहिलं. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं, पण बोलणारा एकच. नकला करणारे अक्षरं मोजत आणि चुकलेलं पान बाजूला काढत. तिसरा मुद्दा मला फार आवडायचा. खोटं लिहिणारा माणूस स्वतःची लाज लिहून ठेवत नाही. या पुस्तकात देवाच्या लाडक्या राजाने दुसऱ्याची बायको घेतली ते आहे. सगळ्यात पुढे असणाऱ्या शिष्याने गुरूची ओळख नाकारली ते आहे. "लपवलेलं काही नाही," असं म्हणून मी वजनावर बोट ठेवत असे.

बायको शेवटच्या बाकावर बसायची. घरी जाताना म्हणायची, "आज वजन जरा जोरात ठेवलंत. त्या म्हाताऱ्या बाई दचकल्या." धड्याबद्दल एवढंच. जास्त कधी काही बोलली नाही.

ती स्वतः बायबल क्रमाने वाचत असे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रोज थोडं, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आवडतं तेवढं काढून वाचणं तिला पटत नसे. "ताटातलं निवडून खाल्ल्यासारखं होतं," म्हणायची. मग ती आजारी पडली. औषधांनी तिची नजर धूसर झाली. अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणाली. तेव्हापासून दुकान बंद करून आलो की मी तिच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून तिला माझ्या बायबलमधून वाचून दाखवू लागलो. दुपारी तिची धाकटी बहीण, माझी मेहुणी, तिच्याजवळ असे. ती कपड्यांची दुरुस्ती करते, तिचं काम ती आमच्याकडेच घेऊन यायची.

तेव्हा स्तोत्रांचं पुस्तक चालू होतं. एका संध्याकाळी एक स्तोत्र निघालं ते दुःखाचं होतं. अशी बरीच आहेत. सुरुवातीला माणूस रडतो, तक्रार करतो, आणि शेवटाकडे वळण घेऊन देवाची स्तुती करतो. मला वाटलं, हेही वळेल. वाचता वाचता पुढच्या ओळी आधी बघून घ्यायची मला सवय आहे. मी बघत गेलो आणि ते वळेना. माणूस म्हणतो, मी थडग्याशी येऊन पोचलोय, माझी माणसं तू माझ्यापासून तोडलीस, तू तोंड का फिरवतोस. आणि उरलेल्या अंधाराशी स्तोत्र संपतं. खाली पुढच्या स्तोत्राचा आकडा.

तिचा हात चादरीवर होता. अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळला होता.

मी खोकला आल्यासारखं केलं, पाणी प्यायलो, आणि त्या ओळी गाळल्या. तिथं दुसऱ्या एका स्तोत्रातल्या ओळी, मला पाठ असलेल्या, सकाळ होते आणि आनंद येतो अशा, त्या त्याच आवाजात जोडून दिल्या.

"झालं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"झालं."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाणी प्यायलात ते बरं केलंत. आवाज सुटला."

मला त्या वेळी लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. आजारी माणसाला कडू औषध साखरेत देतात, तसं काहीतरी केलं असं वाटलं. मग ते अंगवळणी पडलं. जिथं जिथं अंधार आला तिथं मी उडी मारली. पुढे विलापाचं पुस्तक आलं. ते तर मी असं वाचलं की ऐकणाऱ्याला वाटावं घरात लग्न आहे. आणि मधे येणाऱ्या दर पहिल्या रविवारी चर्चमध्ये जाऊन, टेबलावर वजन ठेवून, लपवलेलं काही नाही म्हणून सांगून आलो. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मनातही आलं नाही.

ती प्रभूमध्ये निजली तेव्हा सकाळ होती. मी चहा गाळत होतो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी काही महिने धडा स्वतःकडे घेतला. मग एकदा म्हणाले, "येत्या पहिल्या रविवारपासून पुन्हा तुम्ही. लोक विचारतात, वजनवाले कुठे गेले." मी हो म्हटलं. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

त्याच आठवड्यात मेहुणी आली. बायकोने जाण्याआधी आपलं बायबल आणि लोकरीची शाल तिला द्यायला सांगितलं होतं, ती न्यायला. अंत्यविधीनंतर ती चर्चमध्ये दिसली नव्हती. मला वाटलं होतं, दुःखामुळे.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको भाऊजी. ताई म्हणायची, तुमचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची नुसती बातमी."

मी कपाटातून शाल काढली, बायबल काढलं. बायबलमधली फीत कुठे आहे ते सहज बघितलं, तर ती स्तोत्रांत होती. त्या स्तोत्रावर.

"ही खूण इथं कशी?" मी म्हटलं. "आम्ही तर बरेच पुढे गेलो होतो."

मेहुणी शालीची घडी घालत होती. घडी नीट होती तरी तिने ती मोडून पुन्हा घातली.

"मी ठेवलीय," ती म्हणाली. "तिला ते सारखं लागायचं."

"काय लागायचं?"

"तुम्ही गाळलेलं."

मी खुर्चीत बसलो.

"भाऊजी, तिला ते पुस्तक जवळजवळ पाठ होतं. तुम्हाला काय वाटलं, तिला कळणार नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला सांगायची, काल यांनी कुठं उडी मारली ते काढ. जागा तीच सांगायची. मी सुई बाजूला ठेवून वाचायचे."

"मग मला का नाही बोलली?"

"मी तेच विचारलं होतं. म्हणाली, त्यांच्याने उचलवत नाही गं. राहू दे."

"आणि काय म्हणायची?"

"ऐकायचंय तुम्हाला?"

"सांग."

"म्हणायची, आमचे हे दिवसभर लोकांचे काटे दुरुस्त करतात आणि संध्याकाळी घरी येऊन देवाला दुरुस्त करतात."

हे अगदी तिचं बोलणं होतं. मला हसू यायला हवं होतं. माझे कान तापले आणि नजर कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून मी त्या फितीकडे बघत राहिलो.

"भाऊजी, मला काही ते स्तोत्र वाचवत नव्हतं," मेहुणी म्हणाली. "मी एकदा म्हटलं, ताई, हे कसलं गं देवाचं वचन, यात तर देवावरच रडगाणं आहे. तर म्हणाली, म्हणूनच. माणसाने आपल्या मनाने रचलं असतं तर शेवटी गोड केलं असतं. गोड केलं नाही, तसंच राहू दिलं, म्हणून ते देवाचं. म्हणाली, मी आत्ता जिथं आहे ती जागा त्याच्या पुस्तकात आहे. मग मी त्याच्या बाहेर नाही."

बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. ते लागत नव्हतं.

"तिला तुमच्याबरोबर तिथं बसायचं होतं," मेहुणी म्हणाली. "माझ्याबरोबर बसावं लागलं."

ती उठली. शाल घेतली, बायबल टेबलावरच ठेवलं. "रविवारी म्हणे तुमचा धडा आहे."

"पाळकसाहेब म्हणाले."

"द्या. मी येणार नाही. रागाने नाही म्हणत. तुम्ही ते वजन ठेवून लपवलेलं काही नाही म्हणाल ना, तेव्हा मला हसू येईल की रडू येईल सांगता येत नाही. अंत्यविधीनंतर चर्चमध्ये आले नाही ते त्याच भीतीने, तुम्ही पुन्हा केव्हा धडा घ्याल सांगता येत नव्हतं. हे असू दे तुमच्याकडे. सोमवारी नेते."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक किराणावाला त्याचा जुना दोन पारड्यांचा तराजू घेऊन आला. सरकारी तपासणीत तो खोटा निघाला होता. मी पारडं उलटं केलं तर तळाला मेणाचा गोळा चिकटवलेला. याला आम्ही पासंग म्हणतो. दोन पारडी सारखी नसली तर हलक्या बाजूला थोडं काही लावून बरोबरी करतात, तो खरा पासंग. फसवायला लावतात, तोही पासंगच. दिसायला दोन्ही सारखे.

"वजनाच्या बाजूला लावलाय ना?" किराणावाला म्हणाला. "म्हणजे गिऱ्हाइकाला माल जास्तच जातो. गरीब लोक येतात हो माझ्याकडे. यात मी कोणाचं वाईट केलं?"

अशा वेळी मी नेहमी म्हणतो, जास्त देणारा काटाही खोटाच. द्यायचं तर हाताने द्या, काट्याच्या पोटातून देऊ नका. ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. हा माणूस निदान गिऱ्हाइकाला माल तरी देत होता. मी तिच्या पारड्यातून काढून घेत होतो आणि वर दिल्याचं समाधान मिळवत होतो.

मी मेण खरवडून काढलं. तो म्हणाला, "आज काही बोलला नाहीत?" मी म्हटलं, "घसा बसलाय."

शनिवारी मी चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेब शिडीवर चढून दिवा बदलत होते. मी शिडी धरली.

"उद्याचा धडा माझ्याकडून होणार नाही," मी खालून म्हटलं. "आणि यापुढेही नको."

"का? विश्वास डळमळला?"

"पुस्तकावरचा नाही. माझ्यावरचा."

मग मी सगळं सांगितलं. वरच्या माणसाला सांगणं सोपं जातं, त्याचे फक्त बूट दिसतात. मी संपवलं तेव्हा त्यांनी दिवा नीट बसवला.

"तुमचा धडा काय आहे?" ते म्हणाले. "पुस्तकावर भरवसा ठेवता येतो. तुमच्यावर ठेवता येतो असं त्यात कुठं आहे?"

"नाही."

"झालं तर. शिडी नीट धरा."

"पण साहेब, मी मनापासून मानत होतो. प्रत्येक शब्द देवाचा. आणि जिथं त्या शब्दाची गरज होती तिथं मला वाटलं, देवाला हे जमणार नाही, आपण सांभाळून घ्यावं."

ते खाली उतरले. चष्मा काढून पुसला. त्यांचंही तोंड उतरलं होतं.

"मी इतक्या अंत्यविधींना उभा राहिलो," ते हळू म्हणाले. "ते स्तोत्र एकदाही वाचलेलं नाही. तुमच्या बायकोच्या वेळीही नाही. तिने मला आधी सांगून ठेवलं होतं की हेच वाचा. मी म्हटलं, बघू. आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' तेच स्तोत्र वाचलं, जे सगळे वाचतात."

हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं त्या रिकाम्या बाकांमध्ये उभे होतो, ज्या घरात वचन वाचण्यासाठी लोक येतात तिथं, वचनाचे दोन चोर. एकमेकांकडे बघवत नव्हतं.

"उद्या तुम्ही या," ते म्हणाले. "धडा नाही दिलात तरी चालेल. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

रविवारी मी वजन घरीच ठेवलं. तिचं बायबल घेतलं. मागच्या खोलीत नेहमीसारखीच माणसं होती. एक नवी बाई पुढे बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मेहुणी नव्हती. पाळकसाहेब येऊन दाराजवळ बसले. एक गृहस्थ म्हणाले, "आज खिसा हलका दिसतोय." दोघेचौघे हसले.

मी फीत होती ते पान उघडलं आणि ते स्तोत्र पहिल्यापासून वाचलं. त्या जागेशी आल्यावर या वेळी खरोखरच खोकला आला. पाणी समोर होतं. मी ते घेतलं नाही, कारण पाणी प्यायलो असतो तर काय केलं असतं ते मला माहीत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबलो.

लोक वाट बघत होते.

"पुढे?" त्या नव्या बाईने विचारलं.

"पुढे नाही. इथंच संपतं."

"असं कसं संपतं? मग हे ठेवलं कशाला यात?"

मी तिला बायकोचे शब्द सांगितले. माणसाचं असतं तर गोड केलं असतं, हे. आणि ती जागा पुस्तकात आहे म्हणून आपण बाहेर नाही, हे. सांगताना बरा धडा होतोय असं वाटू लागलं, लोकही माना हलवू लागले, आणि मला माझी भीती वाटली. म्हणून म्हटलं, "हे माझं नाही. माझ्या बायकोचं आहे. ती आजारी असताना तिला हे मी वाचून दाखवत होतो, तेव्हा शेवट गाळला आणि गोड केला."

ती बाई विचारात पडली. दुखवायचा तिचा हेतू नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्यांना कळलं का?"

"हो."

"मग तुम्ही पुन्हा नीट वाचून दाखवलंत?"

"नाही. मला कळलं तेव्हा ती नव्हती."

तिने पिशवीकडे बघितलं. आतल्या खोलीतून कपांचा आवाज आला, आणि चहा तयार आहे असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा सगळे सुटल्यासारखे उठले. जाताना एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. बायको ज्यांच्याबद्दल सांगायची त्याच या. "आज दचकले नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच वाटलं की आपण भलतंच बोललो.

मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. लोकांसमोर बोललं की ओझं उतरतं म्हणतात. माझं उतरलं नाही. तिच्यासमोर बोलायचं होतं ते मी त्या लोकांसमोर बोललो, एवढंच झालं. ती हयात असताना कधीतरी रागाने माझ्या धड्याबद्दल तिला म्हटलं होतं, "तुला त्यातलं काय कळतंय." मी तिच्या पासंगालाही पुरलो नसतो.

सोमवारी मेहुणी आली. दारातच म्हणाली, "कळलं मला. पाळकसाहेबांच्या बायकोने सांगितलं. अख्ख्या गल्लीला कळलंय."

"हं."

"बायबल?"

मी ते टेबलावर काढूनच ठेवलं होतं. तिने घेतलं, फीत बघितली, आणि पिशवीत घालायला लागली.

"थांब जरा," मी म्हटलं. "तुला माहीत आहे ना, मी कुठं कुठं उडी मारली ते?"

"ताई सांगायची ना. सगळं लक्षात आहे."

"दाखव."

तिने बायबल पुन्हा बाहेर काढलं. मग पिशवी खाली ठेवून पलंगाच्या कडेला बसली, जिथं दुपारी शिवायला बसायची तिथं. उशीच्या बाजूला थोडी जागा सोडून. मी खुर्ची ओढली. तिने पान काढून दिलं, ओळीवर बोट ठेवलं.

मी वाचू लागलो. पलंग रिकामा होता आणि त्याच्याकडे बघायची माझी छाती नव्हती, म्हणून पुस्तकात मान घालून वाचत गेलो. एके ठिकाणी अडखळलो तेव्हा मेहुणी म्हणाली, "उडी नको हां, भाऊजी." मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

दिवेलागणीला तिला निघायचं होतं. तिने शाल अंगावर घेतली. बायबलमधली फीत पुढच्या जागेवर ओढली आणि ते मिटून माझ्याच हातात दिलं.

"राहू दे अजून तुमच्याकडे," ती म्हणाली. "बऱ्याच उड्या आहेत तुमच्या."